सुगंध डबीत आहे, हवा कुठंय?

मैत्रिणींनो, महिन्याच्या किराणा यादीत एक नवीन ओळ कधी घुसली, आठवतंय का? गहू, डाळ, तेल, चहापत्ती, कपड्याचा साबण... आणि सगळ्यात खाली 'फ्रेशनर'. आपल्या आईच्या यादीत हा शब्द नव्हता. तिच्या घराला वास यायचा तो फोडणीचा, उदबत्तीचा, फार तर उन्हाळ्यात कूलरला लावलेल्या वाळ्याचा. आता हॉलसाठी मोगऱ्याचा फवारा, संडासात टांगायची रंगीत वडी, गाडीत जेलची डबी आणि भिंतीच्या प्लगमध्ये बसून दिवसभर आपोआप सुगंध सोडणारं यंत्र. जाहिरातीत तर पाहुण्यांची बेल वाजली की सूनबाई आधी फवारा मारते आणि मग दार उघडते! ते बघताना मला नेहमी वाटतं, अगं, आधी खिडकी तर उघड.

सामाजिक कामाच्या निमित्ताने माझं मुकुंदवाडी-चिकलठाण्याकडच्या वस्त्यांमध्ये आणि सिडको-गारखेड्याच्या रो-हाऊसमध्ये सारखं जाणं-येणं असतं. मध्यंतरी एका बचतगटाच्या बैठकीत सहज विचारलं, "घरातला वास घालवायला कोण काय आणतं?" एकेक जण सांगू लागली आणि फळ्यावर जागा पुरेना. उदबत्ती, धूप, कापूर, डांबरगोळ्या, फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, कॉइल, स्प्रे... मग मी दुसरा प्रश्न टाकला, "आणि वास येतो कशाचा?" यावर मात्र सगळ्या गप्प. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मोरीचा, बाई. दुसरा कशाचा असणार?" बाया हसल्या, पण मावशींनी लाखातलं एक सांगितलं होतं.

मोरीच्या आणि बाथरूमच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्या वाटीत कायम चार बोटं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी गटारातल्या वायूला घरात यायला अडवतं. एवढं साधं काम. पण ते पाणी वाळलं की गटार आणि आपला हॉल यांच्यात काहीच आड उरत नाही. आता विचार करा, आपल्या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळ बघितला आहे. भांडी घासलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी संडासात, अशी काटकसर आपल्या हाडीमाशी मुरलेली. पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम तर महिना महिना कोरडंच. ट्रॅप वाळतो, वास येतो आणि आपण दुकानातून दीड-दोनशे रुपयांचा लॅव्हेंडर आणतो. खरं औषध काय होतं? आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी त्या जाळीत ओतणं. बेसिनखालच्या नळीला तो इंग्रजी यू सारखा बाक असतो, त्याचंही काम हेच. बाक नसलेली सरळ लवचीक नळी कुणी बसवून दिली असेल तर वास यायचाच.

म्हणून मला हा विषय फक्त फ्रेशनरचा वाटत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, घंटागाडी येते की नाही, घर कसं बांधलंय, या सगळ्यांतून आपल्या घरातली हवा तयार होते. डबी फक्त नाकाची समजूत काढते.

आता ही समजूत कशी काढली जाते ते बघा. बहुतेक फ्रेशनर दुर्गंध काढत नाहीत, त्याच्यावर दुसरा जास्त तीव्र वास पसरतात. आपलं नाकही लबाड आहे. एकच वास दहा-पंधरा मिनिटं येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून वाटतं की सुगंध उडून गेला आणि आपण पुन्हा फवारतो. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तो दारातच ठसका लावतो. डबीच्या आत सुगंधी रसायनं, ती हवेत उडवणारा द्रावक आणि फवाऱ्याच्या डब्यात दाबाने भरलेला ब्युटेन-प्रोपेनसारखा वायू असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलीच मंडळी! पेटत्या शेगडीजवळ किंवा समईजवळ फवारू नका, असं डब्यावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते अक्षर वाचायला चष्मा लावावा लागतो, पण वाचा.

लिंबू-संत्र्याच्या वासाला कारणीभूत असलेलं लिमोनीन नावाचं रसायन स्वतः फार वाईट नाही. ते संत्र्याच्या सालीतही असतंच. पण हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिशय बारीक कण तयार होतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एका फवाऱ्याने कुणाला कर्करोग होत नाही, घाबरून जाऊ नका. प्रश्न रोजचा आहे, आणि बंद खोलीचा आहे. शिवाय त्या खोलीत सगळ्यात जास्त तास कोण असतं? आपण आणि आपली तान्ही मुलं.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९०च्या दशकात जन्मलेल्या सुमारे १४ हजार मुलांचा आणि त्यांच्या आयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यातून २००३ मध्ये असं दिसलं, की ज्या घरांत एअर फ्रेशनर रोज किंवा बऱ्याचदा वापरले जात होते तिथल्या तान्ह्या मुलांमध्ये जुलाब आणि कानदुखीचं प्रमाण जास्त होतं, आयांमध्ये डोकेदुखीचं. आता हे फ्रेशनरमुळेच झालं असं यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात हवा खेळत नाही तिथेच फ्रेशनर जास्त लागत असेल, असंही असू शकतं. पण मला विचाराल तर दोन्ही अर्थ आपल्याला एकाच खिडकीकडे घेऊन जातात.

'नैसर्गिक' या शब्दाचंही तेच. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका पर्यावरण संस्थेने दुकानांतून १४ फ्रेशनर उचलून तपासले. त्यातल्या १२ मध्ये थॅलेट गटातली रसायनं सापडली. ही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात अशी शंका आहे. त्या बारात 'पूर्ण नैसर्गिक' लिहिलेलेही होते आणि 'बिनवासाचे' म्हणून विकले जाणारेही. लेबलवर मात्र थॅलेटचं नाव नव्हतं.

आणि २०२१ची गोष्ट तर आपल्या देशातून निघालेली. अमेरिकेतल्या कॅन्सस, टेक्सस, मिनेसोटा आणि जॉर्जिया या चार वेगवेगळ्या राज्यांत चार जण मेलिऑइडोसिस या दुर्मीळ आजाराने आजारी पडले, त्यातले दोघे दगावले. दगावलेल्यांत एक लहान मूल होतं. हा आजार उष्ण देशांच्या मातीत-पाण्यात राहणाऱ्या जंतूचा. त्यांच्यापैकी कुणी परदेशात गेलेलं नव्हतं. मग जंतू आला कुठून? डॉक्टरांनी महिनोन् महिने घरातल्या वस्तू तपासल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉर्जियातल्या घरात एक सुगंधी फवाऱ्याची बाटली सापडली. लॅव्हेंडर-कॅमोमाइल वासाची, आत रंगीत खडे घातलेली, भारतात तयार झालेली. जंतू बाटलीच्या आत होता. २२ ऑक्टोबरला अशा सुमारे ३,९०० बाटल्या दुकानांतून परत मागवण्यात आल्या. ज्यांच्याकडे बाटली होती त्यांना सांगितलं, कचऱ्यात टाकू नका, ओतू नका, दोन पिशव्यांत बांधून परत आणा आणि जिथे जिथे फवारलं असेल त्या चादरी धुऊन काढा. हे लाखात एखाद्या वेळी घडणारं आहे, मान्य. पण चार डॉलरच्या एका बाटलीचा माग काढण्यासाठी एवढी यंत्रणा हलली. आपल्याकडे एखाद्या लेकराचा खोकला महिनाभर थांबला नाही तर घरातली बाटली कोण तपासेल?

आपल्याकडचा कायदा इथे जरा गमतीशीर आहे. अंगाला लावायची पावडर, क्रीम, अत्तर ही सौंदर्यप्रसाधनं म्हणून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, कारण त्या कायद्यातली व्याख्याच माणसाच्या शरीराला लावण्याच्या वस्तूंची आहे. भिंतीला किंवा हवेला मारायचा सुगंध त्या व्याख्येत बसत नाही. हवेला मारलेला सुगंध शेवटी जातो मात्र छातीतच. लेबलवर बहुतेक वेळा 'परफ्यूम' एवढा एक शब्द, आणि त्या शब्दाच्या पोटात काय काय दडलंय ते कंपनीलाच ठाऊक.

डांबरगोळ्यांबद्दल मात्र मी प्रत्येक बैठकीत न चुकता बोलते, कारण इथे धोका खराखुरा आणि तान्ह्या बाळाचा आहे. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. घरात कुणाला माहीत नसतं, कारण एरवी ती मुलं धडधाकट असतात. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटी, झबली, गोधडी तशीच बाहेर काढून घातली की नॅप्थलीनमुळे त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. बाळ पिवळं पडतं, लघवी गडद होते, कावीळ मेंदूपर्यंत चढू शकते. पहिल्या नातवासाठी जपून ठेवलेले कपडे आजी किती मायेने काढते! ते आधी दोनदा धुवा, दिवसभर कडक उन्हात टाका, वास पूर्ण गेला की मगच बाळाच्या अंगाला लावा. ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला तरी चालतं. संडासातल्या त्या रंगीत वडीतही अनेकदा याच जातकुळीचं रसायन असतं, म्हणून ती पोरांच्या हाताला लागेल अशी टांगू नका.

बाळाचा विषय निघालाच आहे तर बाळंतिणीच्या खोलीबद्दलही बोलू. मराठवाड्यात अजून कित्येक घरांत सव्वा महिना खोलीच्या खिडक्या बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी. वारा लागू नये हा हेतू चांगलाच आहे, न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला ऊब हवीच. पण त्या धुरात आठ दिवसांचं फुप्फुस पहिल्यांदा जग शिकत असतं. शिवाय बंद खोलीत निखारे जळत राहिले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. माणसाला नुसती गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. बाथरूममध्ये गॅस गिझर आणि खिडकी बंद, हाही त्याचाच भाऊ. दर हिवाळ्यात राज्यात कुठे ना कुठे ही बातमी येते. मी सासवांशी भांडत बसत नाही. ऊब द्या, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, शेगडी ठेवायचीच असेल तर ती दाराबाहेर पेटवून निखारे फुलल्यावर थोडा वेळ आत आणा आणि परत न्या, खिडकीचं वरचं तावदान उघडं ठेवा, एवढंच सांगते. निम्म्याहून जास्त जणी ऐकतात. उरलेल्यांना नातवाचे डॉक्टर ऐकवतात!

आता डास. पाणी रोज येत नाही म्हणून पिंप, टाक्या, हौद. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास. डास आला की रात्री कॉइल. २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात चिनी आणि मलेशियन कॉइल तपासल्या, तेव्हा एका कॉइलमधून जेवढे बारीक कण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात असा हिशेब आला. घरातला कर्ता पुरुष मुलांसमोर विडी ओढला तर आपण त्याच्यावर डाफरतो, आणि रात्री स्वतःच्या हाताने त्याच मुलांच्या उशाशी कॉइल लावतो. कॉइलला पर्याय मच्छरदाणी आहे. जुनी, स्वस्त, कंटाळवाणी, पण चालणारी. हौद मात्र आठवड्यातून एक दिवस कोरडा करून घासावा लागतो, तेही पाण्याची वाट बघता बघता. या दगदगीची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात होत नाही.

'डास पळवणारी अगरबत्ती' हा प्रकार तर त्याहून वाईट. डास मारणारं कुठलंही रसायन विकायचं तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्याची केंद्रात नोंदणी लागते आणि पाकिटावर तो नोंदणी क्रमांक छापावा लागतो. आठवडी बाजारात दहा-पंधरा रुपयांना मिळणाऱ्या पाकिटावर असा क्रमांक आहे का, एकदा उलटून बघा. नसेल तर आत काय जळतंय हे देवालाही माहीत नाही. साध्या पूजेच्या अगरबत्तीबाबत डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९४१२ हे मानक जाहीर केलं. ॲलेथ्रिन, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल अशी कीटकनाशकं आणि काही कृत्रिम सुगंधी द्रव्यं अगरबत्तीत चालणार नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण धूर हा धूरच. देवघरात एक काडी, तीही खिडकीजवळ, आरती झाली की पुरे. देव काय अर्धा पुडा जाळल्यावरच पावतो? दिवाळीतल्या फटाक्यांबद्दल पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये मोजमाप केलं होतं. सगळ्यात जास्त बारीक कण आवाज न करणाऱ्या नागगोळीतून निघाले, हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत! आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा आहे ६०. आणि ती नागगोळी आपण 'लहानांसाठी' आणतो, पोरं तिच्यावर ओणवी होऊन बघतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कापूर, लवंग, ओवा यांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा निरोप मोबाइलवर घरोघर फिरला. ऑक्सिजन वाढत नव्हता. उलट कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. त्याच मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक साधं पत्रक काढलं होतं. घरातला वास जसा दारं-खिडक्या उघडल्यावर विरळ होतो तसाच हवेतला विषाणूही विरळ होतो, असं त्यात समजावलं होतं. पुरचुंडीचा निरोप सगळ्यांना मिळाला. हे पत्रक किती जणींपर्यंत पोचलं?

खिडकी उघडा म्हणणं सोपं आहे, मलाही कळतं. जुन्या माळवदाच्या घराला वर सानं असायचं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. बीबी का मकबऱ्यातल्या दगडी जाळ्या बघा, वारा कसा खेळतो त्यांतून. आणि आपलं रो-हाऊस? दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या, पुढून एक खिडकी, मागे हातभर मोकळी जागा, तीही आपण पत्रा टाकून बंद केलेली. फ्लॅटमध्ये संडास-बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, आणि पावसाचं पाणी येतं म्हणून तो डक्ट वरून झाकून टाकलेला. मग चार मजल्यांचा वास त्या विहिरीत फिरत राहतो. उन्हाळ्यात कूलर लावतो तेव्हा समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर नुसता दमट कोंदटपणा. एसी तर आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

आणि खिडकी उघडली तर बाहेर काय आहे? फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस वर्षांहून जास्त काळ शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या जळाल्या, लाठीमार झाला, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. रोजचा चारशे टनांहून जास्त कचरा मग रस्त्यांच्या कडेला साठत गेला, कुठे कुठे पेटवला गेला. तेव्हा सगळ्या राज्याने आपल्या शहराच्या नावाने नाक मुरडलं. नारेगावच्या बायकांनी मात्र तीन दशकं खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक केला होता, त्याची बातमी गाड्या अडवल्यावरच झाली.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवा प्रमाणाबाहेर खराब असलेल्या शहरांच्या यादीत आपलं शहर आहे, शेजारचं जालनाही आहे, लातूरही आहे. पण या कार्यक्रमात प्रगती मोजली ती प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे रस्त्यावरच्या जाड धुळीवर. २०२६ पर्यंत ती ४० टक्क्यांनी कमी करायची असं लक्ष्य ठरलं. रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे, कारंजी यांना पैसा मिळतो. धूळ कमी व्हावीच. मात्र जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. चौकातलं यंत्र स्वयंपाकघरात डोकावत नाही. तिथे मोजणार कोण, आणि नोंद कुठल्या खात्यात करणार?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, दहा कोटींवर जोडण्या झाल्या. घरातल्या हवेसाठी देशात झालेलं सगळ्यात मोठं काम हेच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लाभार्थी घरांत वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडरच भरले जातात. म्हणजे चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांचे सहकारी पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की सिगारेट न ओढणाऱ्यांनाही दमकोंडीचा सीओपीडी हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. आपल्या गावाकडच्या आत्या-मावश्या पन्नाशीतच धापा टाकायच्या, ते 'वय झालं' म्हणून सोडून दिलं होतं आपण.

श्रीमंतांचा उपाय निराळा. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांवरचा १८ टक्के जीएसटी कमी करा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. यंत्र खोलीतले कण गाळतं, खरं आहे, पण सगळ्याच यंत्रांना वायू गाळता येत नाहीत आणि गाळणी बदलायचा खर्च आपल्यासारख्यांच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाही. दुसरा लाडका उपाय कुंड्यांचा. नर्सरीत 'हवा शुद्ध करणारं झाड' म्हणून पाटी लावून स्नेक प्लांट विकतात. हे सगळं १९८९च्या नासाच्या एका प्रयोगावरून आलं, आणि तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी असे प्रयोग एकत्र करून हिशेब केला, तर खिडकीतून होतं तेवढं काम व्हायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील! झाड जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं. पण त्याच्या भरवशावर खिडकी बंद करू नका.

माझ्या बैठकीत मी बायकांना जे सांगते ते अगदी घरगुती आहे. फोडणी देताना एक्झॉस्ट लावा, जेवण झाल्यावर नव्हे. पंखा नसेल तर मागचं दार आणि पुढची खिडकी समोरासमोर दहा मिनिटं उघडा. सकाळी झाडून झाल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीआधी हवा आत घ्या. शेजारी कचरा पेटला असेल तेव्हा मात्र बंद ठेवा. फ्रीजमध्ये उघड्या वाटीत खाण्याचा सोडा. गाद्या-उशा उन्हात. ओली चप्पल, ओला टॉवेल बाहेर. आणि हात जोडून एकच विनंती, संडास साफ करताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो छाती जाळतो, आणि आतमध्ये वाकून घासत असते ती आपणच किंवा आपली कामवाली बाई. सुगंधच हवा असेल तर शहागंज-सिटी चौकाकडून वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब कापसावर घ्या, कूलरच्या ताट्यांना वाळा लावा. सणाला फवारा मारायचाच तर पाहुणे येण्याआधी अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून, दम्याचं माणूस आणि तान्हं बाळ दुसऱ्या खोलीत नेऊन.

घराबाहेरच्या गोष्टी मात्र एकटीने होत नाहीत. अलमित्रा पटेल या बाईंनी १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि वीस वर्षं ती चिवटपणे लढवली. त्याच प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. तुमच्या गल्लीत हा दंड कुणाला झालेला ऐकलाय?

एप्रिल २०२० पासून आपल्या महापालिकेवर प्रशासक होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता पुन्हा दारात विचारायला माणूस आहे. आमच्या गटातल्या बायकांनी वॉर्डातल्या बैठकीसाठी तीन ओळींचा कागद तयार केला आहे. पहिली ओळ, पाण्याची वेळ आणि वार आधी कळवा म्हणजे हौद घासता येईल. दुसरी, इमारतींचे झाकलेले डक्ट बांधकाम विभागाने येऊन बघावेत. तिसरी, कचरा जळताना दिसला तर कुणाला फोन करायचा तो नंबर घंटागाडीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि रात्री दहानंतरही तो उचलला जाईल असं बघा, कारण कचरा पेटतो तो रात्रीच.